वाचकांचे प्रश्न : कापडी टप घरच्या घरी बदलताना

मागच्या अंकात उघड्या गाड्यांच्या कापडी टपाबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीग पडला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न आहे : ताई, हे काम घरी होतं का? होतं. शिवणकाम येत नसलं तरी होतं, कारण शिवलेला तयार टप मिळतो, आपल्याला तो फक्त बसवायचा असतो. मात्र ज्यांना जुना टप ओरबाडून काढायची घाई झाली आहे त्यांनी आधी पहिलं उत्तर वाचावं. त्यातल्या काहींना टप बदलावाच लागणार नाही.

प्रश्न : पाऊस झाला की ड्रायव्हरच्या बाजूचा गालिचा ओला होतो. टप जुना आहे, पण कुठे फाटलेला दिसत नाही. नवा बसवला की गळती थांबेल ना?

गालिचा ओला आणि सीट कोरडी, असंच ना? मग पाणी डोक्यावरून आलेलंच नाही. टपाला उगाच फासावर चढवू नका.

कापडी टपावरून वाहणारं बरंचसं पाणी शेवटी मागच्या कडेला जातं. तिथे कापडाच्या आत एक पन्हळ असते, ती पाणी दोन्ही बाजूंच्या निचऱ्याच्या नळ्यांत सोडते, आणि नळ्या ते गाडीच्या पोटाखाली टाकतात. या नळ्यांत पानं, माती, टपाचा सुटलेला भुगा जमतो. नळी तुंबली की पाणी पन्हळीतून उलटं भरतं आणि सीटच्या मागून गालिच्याखाली उतरतं. वर नव्याकोऱ्या कापडाचा टप घातलात तरी ते उतरतच राहणार. नळी साफ करायला लोखंडी तार खुपसू नका, ती नळीलाच भोक पाडते. मऊ प्लास्टिकची नळी किंवा जाड नायलॉनची दोरी घाला आणि वरून थोडं थोडं पाणी ओतून खाली बाहेर येतंय का ते पाहा.

नळ्या मोकळ्या असूनही गळत असेल तर एकाला टॉर्च घेऊन गाडीत बसवा आणि दुसऱ्याने बाहेरून पाइप धरा. पाइपाचं तोंड मोकळं ठेवा, धार मंद ठेवा. सुरुवात खालून करा : आधी मागची कड, मग दाराच्या काचेचं रबर, मग पुढची कड, आणि सगळ्यात शेवटी टपाचा माथा. एकेका जागी पाच मिनिटं तरी थांबा. लोक हटकून उलटं करतात, वरून धो धो पाणी सोडतात. मग ते सगळीकडून ओघळतं आणि कुठून शिरलं ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही.

रबराची परीक्षा कोरड्यातही होते. कागदाची पट्टी रबर आणि काच यांच्यामध्ये ठेवून दार बंद करा आणि पट्टी ओढा. अडखळत निघाली तर रबर ठीक. सुळकन आली तर तिथे रबर दबून चपटं झालंय किंवा दाराची काच बाहेरच्या अंगाला झुकली आहे. काच आत घ्यायची सोय दाराच्या आत असते, त्यासाठी टपाला हात लावायचं कारण नाही.

कापड खरंच गेलं असेल तर ते वेगळं ओळखू येतं. माथ्यावर पाणी सोडल्यावर आतल्या बाजूला शिवणीच्या रेषेवर थेंब धरतात, किंवा घडी पडते तिथे कापडाला घाम आल्यासारखं होतं. असं दिसलं तर नवा टप मागवा.

प्रश्न : रेक्झिनचा टप घ्यावा की कापडाचा? विकणारे दोन्हीची तारीफ करतात.

मूळ गाडीला जो होता तो घ्या, एवढं सांगून मी मोकळी झाले असते. पण मूळचाच नकोसा झाल्यामुळे तुम्ही विचारताय असं दिसतं.

रेक्झिन म्हणजे कापडावर पीव्हीसीचा थर. हलकं असतं, पुसलं की स्वच्छ होतं आणि घरी बसवायला सोपं जातं, कारण गरम केलं की ताणलं जातं आणि छोट्या चुका पोटात घालतं. थंडीत मात्र कडक होतं. उन्हाने त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू उडून जातो, मग ते आकसतं आणि घडीवर तडकतं. चांगल्या प्रतीच्या कापडी टपात तीन थर असतात : वर मुळातच रंगवलेल्या धाग्याचं ॲक्रिलिक, मध्ये रबराचा पातळ पडदा, खाली सुती किंवा सुती-पॉलिएस्टर कापड. पाणी अडवतो तो मधला पडदा. हे कापड आवाज कमी आत येऊ देतं आणि त्याचा रंग जास्त टिकतो, पण ते ताणलं जात नाही. माप दोन सुतांनी चुकलं तर चुकलंच.

पहिल्यांदाच हात घालत असाल आणि गाडी रोजच्या वापराची असेल तर रेक्झिन घ्या. गाडी जपून वापरणार असाल आणि काम सावकाश करायची तयारी असेल तर कापड. कापडाच्या नावाखाली नुसतं रंगवलेलं कॅनव्हास कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. तुकडा मागवा आणि कडेला धागे उसवून पाहा. मधला काळा पडदा दिसला पाहिजे.

आणखी एका पत्रात ‘कापड आणून घरच्या मशीनवर शिवू का’ असं विचारलंय. नको. सुईचं प्रत्येक भोक पाण्याची वाट असते. टपाच्या शिवणी आतून पट्टी लावून बंद केलेल्या असतात आणि धागाही उन्हापावसाला टिकणारा लागतो. सुती धाग्याने शिवलेला टप कापडाच्या कितीतरी आधी शिवणीत उसवतो.

प्रश्न : मी कॉलेजात आहे. बाबांकडे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ आहे आणि तिचा टप आम्ही दोघं मिळून बदलणार आहोत. बाबा म्हणतात एका दुपारचं काम आहे. खरं का? आणि कोणत्या क्रमाने करायचं?

बाबांना सांग, एका दुपारी फक्त जुना टप निघतो, तोही नट गंजलेले नसले तर. सलग दोन दिवस मोकळे ठेवा आणि गाडी छपराखाली लावा, कारण मधल्या रात्री तिच्या डोक्यावर काही नसणार.

शिकायला मात्र याहून चांगली गाडी नाही. १९८९ मध्ये आलेल्या या पिढीच्या टपात मोटर नाही, तेलाचे पंप नाहीत, आत अस्तरही नाही. प्रत्येक रिव्हेट डोळ्यांना दिसतो. मागची काच प्लास्टिकची, चेन लावून उघडणारी. १९९८ मध्ये दुसरी पिढी आली ती खरी, गरम होणारी काच घेऊन. त्या प्रकारचा काचेचा टप तुमच्या सांगाड्यावरही चढतो. गरम करायच्या तारा जोडायच्या नसतील तर तशाच राहू द्या, नुसती काच म्हणून वापरा. टप मिटताना दर वेळी चेन उघडायची कटकट जाते. मी तुमच्या जागी असते तर काचेचाच मागवला असता.

आता क्रम. पहिला अर्धा दिवस पाना हातात घ्यायचाच नाही. टप चढवून, त्याला पुढच्या काचेच्या चौकटीशी धरून ठेवणाऱ्या कड्या लावून ठेव आणि खडू घे. सांगाड्याला आडव्या कमानी असतात. प्रत्येक कमानीची बरोबर मध्यरेषा कापडावर आणि कमानीवर आखून घे. पुढच्या काचेच्या चौकटीचा मध्य मास्किंग टेपवर खूण करून ठेव. एका कमानीपासून दुसरीपर्यंतचं अंतर डावीकडे मोज, उजवीकडे मोज, वहीत लिही. हे सगळं आत्ताच का, तर कमानींना जागेवर धरून ठेवणारं कापडच असतं. ते निघालं की कमानी लुळ्या पडतात आणि मग मूळ जागा कोणती हे कुणालाच आठवत नाही. दोन्ही बाजूंची मापं सारखी नसतील तर सांगाडा वाकडा आहे. ते कापड घालून सरळ होत नाही, आधी सांगाडा सरळ करावा लागतो.

जुन्या टपाची झीजही बघून ठेव. एखाद्या सांध्यापाशी कापडाला भोक पडलं असेल तर त्या सांध्यावरची मऊ पट्टी गेली आहे, नवा टपही तिथेच फाटणार. एकाच बाजूला घासलंय म्हणजे टप मिटताना तिरका पडतोय. फोटो काढा, भरपूर काढा, आणि फोटोत डावं-उजवं लिहिलेली चिठ्ठी येऊ द्या. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या असतात, नंतर फोटो पाहून काही कळत नाही.

मग मागची बाजू. सीटमागचा गालिचा आणि पट्ट्यांची झाकणं काढलीत की टपाची मागची कड दाबून धरणाऱ्या तीन लोखंडी पट्ट्या दिसतील, दहाच्या पान्याने निघणाऱ्या नटांनी बसवलेल्या. आदल्या रात्री त्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. नटाबरोबर आतला स्टडही, म्हणजे नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा, फिरायला लागला तर जोर थांबवा, पुन्हा तेल मारा, थोडं मागे थोडं पुढे करत सोडवा. स्टड तुटला तर काम दुपटीने वाढतं. निघालेल्या पट्ट्यांवर डावी, मधली, उजवी लिहून ठेवा. कापडाखाली पन्हळ आहे. ती तडकलेली असेल तर या निमित्ताने बदलाच, नाहीतर तिच्यासाठी हे सगळं पुन्हा उघडावं लागेल.

पुढे सांगाड्याचे दोन्ही बाजूंचे तीन-तीन बोल्ट काढा आणि अख्खा सांगाडा दोघांनी मिळून उचलून टेबलावर आणा. त्याआधी डिकीच्या झाकणावर जाड चादर टाका. गाडीत वाकून काम करता येतं, पण कंबर आणि रंग या दोघांचंही नुकसान होतं.

टेबलावर आधी रबरं ओढून काढा. रबरं ज्या पत्र्याच्या चॅनेलात बसतात त्यांचे स्क्रू हट्टी असतात. बिट बरोबर मापाचं घ्या, त्यावर हातोडीचा एक ठोका घाला आणि मग फिरवा. स्क्रूचं डोकं घासलं गेलं की संपलं. पुढच्या कडेचं चिकटवलेलं कापड हेअर ड्रायरने ऊब देऊन सावकाश सोलायचं. त्याखाली जुन्या सोल्यूशनची रेघ दिसेल, ती पुसू नका, फोटो घ्या. कापड कुठवर वळलं होतं ते तिच्यावरून कळतं. रिव्हेट ड्रिलने फोडायचे. एखादा ड्रिलबरोबर गरगर फिरायला लागला तर पकडीने धरून ठेवायचा. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि धातूचा कीस लगेच व्हॅक्यूमने ओढून घ्यायचा. तो कुठे रंगावर राहिला तर तिथे गंजाचे ठिपके उमटतात.

एक गोष्ट नीट समजून घे, कारण बहुतेक घरी बसवलेले टप इथेच फसतात. दाराच्या काचेच्या वर, कापडाच्या कडेला आतून एक शिवलेली नळी असते. तिच्यातून पोलादी तार जाते आणि तारेच्या टोकाला स्प्रिंग असतो. ही तार कापडाची कड सांगाड्यावर दाबून ठेवते. ती सैल असली किंवा नळीबाहेरून गेली असली तर गाडीने वेग घेतला की कड फुगते आणि फडफड सुरू होते. नव्या टपाच्या नळीतून आधी कडक नायलॉनची दोरी ओवून घे, तिला तार बांध, गाठीवर टेप घट्ट गुंडाळ आणि मग ओढ. नुसती तार ढकलत गेलीस तर तिचं पिंजलेलं टोक नळीच्या अस्तरात रुततं, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. तारेचे पीळ सुटले असतील तर तार नवी घे.

आता नागडा सांगाडा समोर आहे. त्याला एक तास द्या. गंज खरवडून रंग मारा, सांध्यांत थेंब थेंब तेल सोडा, कमानींना जोडणारे पट्टे सैल झाले असतील तर बदला. सैल पट्ट्यांमुळे टप मिटताना कापड सांध्यात चिमटतं. तेल सांध्याबाहेर आलेलं पुसून टाका, नव्या कापडाला डाग पडतो.

नवा टप घडी करून येतो. तो उन्हात किंवा उबदार खोलीत पसरून ठेवा, चुण्या आपोआप उतरतात. रेक्झिन असेल तर २० अंशांखाली काम सुरूच करू नका. त्यावर मध्यरेषा आखा. मागच्या कडेला पन्हळीच्या रिव्हेटांची भोकं पाडलेली नसतील तर जुना टप वर ठेवून भोकांच्या खुणा घ्या. भोकं आणि मध्यरेषा एवढंच जुन्यावरून घ्यायचं. जुनं कापड इतक्या वर्षांत कुठे ताणलं गेलंय तर कुठे आकसलंय, त्याच्यावरून नव्याची कड कापली तर पस्तावायची वेळ येते.

बसवताना आधी मागची बाजू, मग कमानी, शेवटी पुढची कड. पन्हळीला टप रिव्हेट करा, मागच्या कमानीला मध्यावर जोडा, सांगाडा गाडीवर परत बसवा. मागच्या पट्ट्यांचे नट मधून सुरू करून दोन्ही बाजूंना, फक्त हाताने फिरतील तेवढेच लावा. आता टप चढवा, कड्या लावा आणि पुढचं कापड सांगाड्याच्या पुढच्या चौकटीवरून ओढून चिमट्यांनी धरा. मध्याची खूण मध्याला जुळली पाहिजे. समाधान झालं की चौकटीच्या कडेने कापडावर खडूची रेघ ओढा. कड्या सोडा, कापड रेघेच्या पाच-सहा मिलिमीटर पलीकडे ओढून चिकटवा. तेवढी ओढ लागतेच.

सोल्यूशन उष्णता सोसणारं हवं. उन्हात पुढची चौकट चांगलीच तापते आणि साधा स्प्रेचा गोंद पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो. दोन्ही अंगांना लावा, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबा, मग मध्यापासून कडांकडे दाबत जा. एकदा दोन्ही अंगं भिडली की सरकवता येत नाहीत, म्हणून एका वेळी हातभरच रुंदी घ्या. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, त्याच्या वाफेने डोकं जड होतं.

मग मागचे नट पुरते आवळा. कोपऱ्यांचे रिव्हेट, चॅनेल आणि रबरं सगळ्यात शेवटी. चॅनेलच्या स्क्रूची भोकं कापडाखाली लपलेली असतील, ती टोच्याने शोधा, ड्रिलने नाही. ड्रिलच्या बिटाला कापडाचा धागा गुंडाळला गेला तर वीतभर कापड उसवून येतं.

प्रश्न : टप घरीच बसवला. सगळं जमलं, पण पुढच्या कड्या दीड इंच लांब राहतात. पुढची कड उसवून कापड सोडू का?

थांबा. कात्री आणि हीट गन दोन्ही कपाटात ठेवा.

नवा टप नव्या चपलेसारखा असतो, सुरुवातीला चावतोच. पण दीड इंच म्हणजे नुसता नवेपणा नाही. बहुधा मागची कड जास्त खाली ओढून नट आवळले गेलेत. पुढची कड सोडली तर आता कड्या लागतील, आणि महिन्याभरात कापड सैल पडलं की माथ्यावर झोळ येईल. मागचे नट सैल करा, कापड सुतासुताने पुढे जाऊ द्या, मधून सुरुवात करून पुन्हा बसवा. त्याआधी पन्हळीची कड पट्टीखाली दुमडली गेली नाही ना, तेही बघा. बऱ्याचदा तेवढंच असतं.

अर्धा इंच उरला की पुढचं काम उन्हावर सोपवा. बहुतेक गाड्यांत कड्यांची लांबी आटे फिरवून कमी-जास्त करता येते. दोन्ही बाजू सारखे आटे सोडा, दुपारच्या उन्हात टप तापू द्या, मग दोघांनी मिळून कड्या लावा. एकाने आतून ओढायचं, दुसऱ्याने बाहेरून पुढची चौकट दाबायची. लागल्या की आठवडाभर टप मिटायचा नाही. मोह होतो, माहीत आहे. पुढे कापड सरावलं की आटे पुन्हा आवळून घ्या.

सुरकुत्यांबद्दलही तुम्ही लिहिलंय. आडव्या सुरकुत्या उन्हाने जातात. मागच्या काचेच्या कोपऱ्यापासून तिरकी जाणारी सुरकुती मात्र जात नाही, ती मध्यरेषा सरकल्याची खूण आहे. तिच्यासाठी मागचे नट पुन्हा सोडावे लागतील.

प्रश्न : आमच्या गाडीचा टप बटणावर उघडतो. तोही असाच बदलता येईल?

कापडाचं काम तेच, पण घरी करा असं मी म्हणणार नाही. मागच्या सीटखाली वा डिकीत पंप, तेलाचे सिलिंडर, टप कुठे पोचला ते ओळखणारे सेन्सर आणि वर जाड अस्तर, एवढं सगळं मध्ये येतं. जर्मनीतल्या कारमान कंपनीच्या ओस्नाब्र्युक कारखान्यात तयार झालेली फोक्सवॅगनची जुनी गोल्फ कॅब्रिओलेट बहुतेक वेळा हाताने मिटायची, तरी तिच्या टपात थरावर थर आहेत, आणि प्रत्येक थराचा ताण वेगळा. पहिल्या टपासाठी ती गाडी मी कुणालाच सुचवणार नाही.

ज्यांना करायचंच आहे त्यांनी एवढं तरी पाळा. बॅटरी सोडून ठेवा. सांगाडा अर्ध्यात उभा असेल तेव्हा त्याला लाकडाचा भक्कम टेकू द्या, तेलाच्या दाबावर विसंबून सांध्यात बोट घालू नका. दाब गेला की तो खाली येतो आणि बोट ठेवत नाही. काही गाड्यांत मागच्या सीटमागे गाडी उलटण्याच्या वेळी आपोआप उसळणारे दांडे असतात, सीटच्या पट्ट्यांत स्फोटक ताणक, म्हणजे अपघातात पट्टा झटक्यात आवळणारी यंत्रं असतात. त्यांच्या वायरी ओळखता येत नसतील तर तिथला एकही जोड काढू नका.

प्रश्न : मागची खरी काच वरच्या बाजूने कापडापासून सुटली आहे. सुपरग्लू लावला, दोन दिवसांत पुन्हा सुटली.

सुटणारच. सुपरग्लू वाळला की काचेसारखा ठिसूळ होतो आणि कापड तर दर खड्ड्याला हलतं. सिलिकॉन लावायचा विचार असेल तर तोही सोडा. सिलिकॉन एकदा लागलं की त्या जागेवर पुढे दुसरं काहीच धरत नाही.

पुढची काच बसवायला वापरतात तो पॉलियुरेथेनचा गोंद आणि काचेसाठीचा काळा प्रायमर घ्या. टपाच्या पुढच्या कड्या सोडून चौकट हातभर उचलून टेकू द्या, म्हणजे मागच्या कापडावरचा ताण जातो. ताणाखाली चिकटवलेलं टिकत नाही, हीच यातली मेख आहे. जुना गोंद पात्याने खरवडा, काच अल्कोहोलने पुसा, प्रायमर वाळू द्या, मग गोंदाची सलग रेघ. आतून काचेला आधार, बाहेरून कापडावर सपाट फळी आणि त्यावर वजन, आणि एक अख्खा दिवस हात लावायचा नाही. सुटलेल्या कडेचं कापडच कुजलं असेल तर मात्र ही मलमपट्टी आहे, टप बदलायची तयारी ठेवा.

प्रश्न : प्लास्टिकची काच पिवळी पडली आहे. पॉलिश करून जाईल का?

वरचे ओरखडे आणि धुरकटपणा प्लास्टिकच्या पॉलिशने बराच उतरतो. पिवळेपणा उतरत नाही, तो उन्हाने प्लास्टिकच्या अंगातच मुरलेला असतो. काच चेनने बसवलेली असेल आणि चेन शाबूत असेल तर तेवढाच भाग नवा मिळतो. इथून पुढे काच कोरड्या फडक्याने कधीच पुसू नका, आधी पाणी सोडा. अमोनिया असलेलं काच पुसायचं औषध या काचेला चालत नाही. थंडीत टप मिटायची वेळ आलीच तर काचेच्या घडीत टॉवेलची गुंडाळी ठेवा, म्हणजे तडा जात नाही.

प्रश्न : नवा टप धुवायचा कसा? गाडी धुणारा जोराच्या पाण्याची बंदूक वापरतो.

त्याला टपापासून लांब ठेवा. जवळून मारलेली धार शिवणीत पाणी ढकलते आणि कापडाचा लव उडवते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, धाग्याच्या दिशेने. साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, साबण उरला की पाणी झिरपायला सुरुवात होते. कापडी टपावर पाण्याचे थेंब गोल न राहता पसरायला लागले की कापडासाठीचं पाणी झटकणारं औषध फवारा, मात्र टप पूर्ण कोरडा असताना आणि काचा झाकून. डॅशबोर्ड चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश कापडावर मारू नका.

आणि ओला टप मिटू नका. घडीत बुरशी धरते आणि वास महिनोन्‌महिने जात नाही. भर पावसात मिटावा लागलाच तर घरी पोचल्यावर पुन्हा चढवून, दाराच्या काचा खाली घेऊन, वाळेपर्यंत तसाच राहू द्या.